ओहोटीची जीप

धाकटीचे केस कानांपाशी पांढरे झाले होते, शिवणकामाचं स्वतःचं दुकान होतं, हाताखाली दोन कारागीर बायका होत्या, तरी ती सगळ्या जगाची धाकटीच. वडील आणि थोरला भाऊ लहानपणापासून तशी हाक मारायचे, ती हाक बाजारानं उचलली आणि कायमची चिकटली. गिऱ्हाइकंसुद्धा "धाकटीबाई, गणवेश झाले का?" असं विचारत. तिनं कधी हरकत घेतली नाही. घ्यायला वेळच कुठं होता!

तर ही धाकटी एका सकाळी गॅरेजच्या दारात उभी राहून चार टायरांकडे बघत होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ही नवलाची गोष्ट. एरवी तिचं तोंड शिवणयंत्राच्या वरताण चालतं, असं तिचा नवराच चारचौघांत सांगायचा. पण ते टायर होतेच तसे. भिंतीला टेकवून ठेवलेले, काळे कुळकुळीत, जवळजवळ तिच्या कमरेला लागणारे. खाचा इतक्या खोल की बोट घातलं तर पेरं दिसेनासं व्हावं. जीपचे जुने टायर शेजारीच पडले होते, झिजून गुळगुळीत झालेले, आणि या नव्यांपुढे ते अगदी पाप्याचं पितर दिसत होते.

"बघत काय राहिलीस? टायर आहेत, नवरदेव नव्हे," गॅरेजवाल्या काकू आतून ओरडल्या.

गॅरेज खरं तर काकूंच्या सासऱ्यांचं. ते गेल्यावर नवऱ्यानं चालवून पाहिलं, त्याला जमेना, तेव्हा काकूंनी बाह्या सरसावल्या. आता नवरा चहा करायचा आणि काकू इंजिनं उघडायच्या. गाड्यांमधलं आपल्याइतकं जगात कुणाला कळत नाही अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि ती त्या मनात ठेवत नसत.

"काकू, बसतील ना नीट?"

"मी बसवतेय म्हणजे बसतील. गाडीची काळजी तू करू नकोस. तुझ्या भावाचं काय ते बघ. बाई गं, चेहरा बघ त्याचा!"

भाऊ, म्हणजे दादा, समोरच्या बाकावर रुमाल पसरून त्यावर बसला होता. तो मोठ्या शहरात मोठ्या कचेरीत होता, आणि सुट्टी टाकून आला होता तो एकाच कामासाठी. वडिलांना, आप्पांना, आपल्याकडे कायमचं घेऊन जायला. त्यानं त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते. त्याचं मन वाईट नव्हतं हो. फक्त ते घर नवव्या मजल्यावर होतं आणि आप्पांनी जन्मात जिना म्हणून पाहिला तो कातळात खोदलेला.

आप्पा राहायचे समुद्रात. म्हणजे किनाऱ्यापासून आत, एका कातळाच्या टेकाडावर. तिथं पाण्याची उंची मोजायची लोखंडी पट्टी खडकात रोवलेली आहे. भरतीला पाणी पट्टीवर कुठवर आलं, ओहोटीला कुठवर उतरलं, हे वाचायची नोकरी आप्पांनी जन्मभर केली. पुढे ते काम यंत्र करायला लागलं, पण टेकाडावरचं दोन खोल्यांचं घर त्यांच्याकडेच राहिलं. बायको तिथंच गेली, मुलं तिथंच वाढली. आता यंत्र पाणी मोजतं आणि आप्पाही मोजतात. यंत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

भरतीत टेकाडाचं बेट होतं. ओहोटीला मात्र मधला सगळा तळ उघडा पडतो, मैलोन्‌मैल चिखल, रेती, शिंपले. त्याला सगळे नुसता पट्टा म्हणतात. पूर्वी एक होडीवाला भरतीला ये-जा करायचा. तो म्हातारा झाला, होडी विकून मुलाकडे राहायला गेला. तेव्हापासून धाकटी रोज ओहोटी साधून जीपनं पट्टा ओलांडायची. डबा, गोळ्या, पिण्याचं पाणी घेऊन. तीच जीप कापडाचे तागे आणायला, तीच दुकानात जायला, तीच भाजीला. एकच गाडी, सतरा कामं.

गेल्या वादळानं घोटाळा केला. पट्ट्याच्या मधून एक ओहळ जातो, तो खरवडून खोल झाला, आणि वाट दाखवणारे खांब अर्ध्यातून पुढचे वाहून गेले. धाकटी ओहळात दोनदा रुतली. दुसऱ्यांदा पाणी सीटपर्यंत आलं तेव्हा कुठे चाकं सुटली. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. पण अशा गोष्टींना पाय असतात, आणि त्या चालत चालत दादाच्या कचेरीत पोचल्या.

"बास झालं आता," दादा आल्या आल्या म्हणाला होता. "एक दिवस तू जाशील वाहून, आणि आप्पा तिथं वाट बघत बसतील. मी त्यांना नेतो."

"तिथून काढलंस तर आप्पा जगायचे नाहीत रे, दादा."

"आणि तू गेलीस तर जगतील?"

दोघं बराच वेळ भांडली. भांडण असं होतं की दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे मिटेना. शेवटी धाकटीनं पैज टाकली. जीपला मोठे टायर बसवते. मग तू स्वतः माझ्या शेजारी बसून एकदा पट्टा ओलांड. नीट पोचलो तर आप्पा तिथंच राहतील आणि तू पुन्हा हा विषय काढायचा नाहीस. नीट पोचलो नाही, तर मीच त्यांचं सामान बांधून देते. दादा लहानपणी एकदा त्या चिखलात छातीपर्यंत रुतला होता, आप्पांनी ओढून काढला होता, आणि तेव्हापासून त्यानं पट्ट्यावर पाय ठेवला नव्हता. गेला तो होडीनंच. तरी तो हो म्हणाला. नाही म्हटलं असतं तर धाकट्या बहिणीपुढे लाज गेली असती, आणि लाज फार वाईट.

काकूंनी काम सुरू केलं. जॅक लावले, जीप वर उचलली, स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी तुकडे सरकवून गाडीचा सांगाडा जरा उंच केला, म्हणजे मोठ्या चाकांना आत जागा मिळावी. मग एकेक टायर चढला. नट आवळताना काकूंच्या मानेच्या शिरा फुगत होत्या, आणि तरी तोंड चालूच. मागच्या दाराला टांगलेली स्टेपनीसुद्धा त्याच मापाची हवी, नाहीतर पंक्चर झाल्यावर गाडी लंगडत घरी येईल, हेही त्यांनी ठणकावून सांगितलं आणि पाचवा टायर टांगला. जीप खाली उतरली. धाकटीनं स्टेअरिंग फिरवलं. सगळं छान वळत होतं.

"झालं?" दादा बाकावरून उठला.

"कुठं झालं?" काकू म्हणाल्या. "रिकामी गाडी गोड बोलते हो, दादासाहेब. भरली की खरं काय ते सांगते. वजन पाहिजे. चढा आत."

"मी?"

"तुम्ही. आणि अहो, तुम्हीसुद्धा या, चहा राहू द्या!" नवरा हात पुसत आला. मग शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला हाक गेली, तोही अंगभर पीठ घेऊन आला. दादा मागच्या सीटवर गिरणीवाला आणि काकूंचा नवरा यांच्यामध्ये सँडविच होऊन बसला, त्याच्या काळ्या पँटीवर पांढरे ठसे उमटले. काकूंनी एका बाजूचं पुढचं चाक लाकडी ओंडक्यांवर चढवायला लावलं आणि ओरडल्या, "आता फिरव! पूर्ण फिरव!"

करकर आवाज आला. टायर आतल्या पत्र्याला घासत होता.

"ऐकलंत?" काकूंना एखादं बक्षीस लागल्यासारखा आनंद झाला. "हेच मधल्या चिखलात झालं असतं." त्यांनी सगळ्यांना उतरवलं, पत्र्याची कड कापून आत वळवली, सगळ्यांना पुन्हा चढवलं, पुन्हा ओंडका, पुन्हा पूर्ण वळण. तिसऱ्या खेपेला आवाज बंद झाला. गिरणीवाल्याला तोपर्यंत मजा वाटायला लागली होती, तो उतरायलाच तयार नव्हता.

निघताना काकू खिडकीशी आल्या. खरं तर खिडकी त्यांच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यांना मान वर करावी लागली, आणि ते त्यांना आवडलं नाही.

"ऐक. रोजची गाडी आहे तुझी, म्हणून सांगते. ब्रेक जरा आधी दाबायचा, चाक जड झालंय. पट्ट्यावर जाताना हवा कमी करायची म्हणजे टायर पसरतो, रुतत नाही. रस्त्यावर आलीस की पुन्हा भरायची. आणि वेगाचा काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी जोरात पळेल. चाक मोठं, काटा जुना. त्याला बिचाऱ्याला काय माहीत चाक बदललंय! समजलं?"

"समजलं, काकू. हळू चालवेन."

हळू चालवेन. धाकटीला एवढंच समजलं होतं, पण ते कुणालाच कळलं नाही, तिला स्वतःलाही नाही.

गॅरेजमधून बाहेर पडली आणि तिचा बाजार तिला ओळखू येईना. ज्या रस्त्यानं ती रोज जायची त्याच रस्त्याच्या कडेच्या कुंपणांपलीकडे अंगणं होती. अंगणात कुणी लाकडी घोडा करवतीनं कापत होतं, एका गच्चीवर मांजर पिल्लांना घेऊन झोपलं होतं, चप्पलवाल्याच्या छपरावर चक्क एक जुनी सायकल पडली होती. वीतभर उंच बसल्यावर एवढं दिसतं? तिला हसू आलं, आणि थोडं रडूही, कारण इतकी वर्षं हे सगळं तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशीची ओहोटी पहाटे फटफटल्यावर होती, आणि बाहेर बघावं तर धुकं. किनाऱ्याच्या दगडी उतारावरून पट्ट्याकडे पाहिलं तर पट्टाच नव्हता. पांढरं, नुसतं पांढरं.

"आज नको," दादा म्हणाला.

"आप्पांच्या रक्तदाबाच्या गोळ्या काल संपल्या. तिथं फोनला रेंज नाही, सांगू कसं? आणि मी धुक्यात पूर्वीही गेलेय. मीटरवर."

ती त्यांची घरची रीत होती. धुक्यात टेकाड दिसत नाही, म्हणून शेवटच्या खांबापाशी गाडीचा अंतर मोजणारा मीटर शून्यावर आणायचा, होकायंत्राचा काटा धरून ओहळाच्या काठानं सरळ जायचं, आणि मीटर दोन किलोमीटरवर आला की डावीकडे वळून ओहळ ओलांडायचा. तिथं तळाला शिंपल्यांचा कडक थर आहे, बाकी सगळीकडे गाळ. वादळानंतर आप्पांनी हे माप नव्यानं घालून दिलं होतं आणि धाकटीला ते आपल्या बोटांइतकं पाठ होतं.

तिनं टायरांतली हवा सोडली. फुस्स करत चारही टायर पसरले. दादानं सीटचा दांडा घट्ट धरला आणि जीप धुक्यात शिरली.

नव्या टायरांचा घुमणारा आवाज येत होता, त्याखाली चिखलाचा चपचपाट. पण चाकं रुतत नव्हती! जिथं जुनी जीप हमखास डोलायची तिथून ही तरंगल्यासारखी गेली. शेवटचा खांब आला, तिनं मीटर शून्यावर आणला. दादा डोळे फाडून बघत होता, आणि बघायला काही नव्हतं. एक. दीड. दोन. धाकटीनं डावीकडे स्टेअरिंग वळवलं.

जीपचं नाक खाली गेलं. ते खाली जायलाच हवं होतं, ओहळच तो. पण खाली जाऊन थांबलं नाही. पाणी दारांवर चढलं, सीटखालून आत आलं, आणि चाकांखाली शिंपल्यांची ती ओळखीची कुरकुर नव्हती. काहीच नव्हतं. नुसता मऊपणा.

"धाकटे!"

"बोलू नकोस!" चिखलात थांबायचं नाही, हे एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिनं पाय न उचलता गाडी रेटली. इंजिन धापा टाकत होतं. मग त्या खोल खाचांना खाली काहीतरी सापडलं, पुढचं एक चाक चढलं, मागून दुसरं, आणि जीप हिसके देत पलीकडच्या उतारावरून वर आली. समोर घट्ट रेती लागली. धाकटीनं गाडी उभी केली. दोघांच्या पावलांवरून पाणी वाहत होतं.

तिनं मीटरकडे पाहिलं. दोनच्या जरासा पुढे. मीटर बरोबर होता. मग चुकलं काय?

आणि मग तिला कळलं. जुनी टेप वापरून वापरून ताणली जाते, मग ती माप कमी दाखवते, हे तर तिच्या दुकानातल्या नव्या बाईलाही ती पहिल्या दिवशी सांगायची. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापतं आणि मीटर मोजतो ते जुनेच फेरे. काकूंनी सांगितलं होतं. तिनं ते वेगापुरतं ऐकलं आणि अंतराला लावलंच नाही. जिथं वळायचं ते ठिकाण केव्हाच मागे पडलं होतं, आणि ती ओहळ ओलांडून आली होती तो नेमका गाळाच्या तोंडातून. जुने टायर असते तर दोघं आत्ता तिथंच असती.

"दादा, माझं चुकलं," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आपण कुठं आहोत ते मला माहीत नाही."

भरती फिरायला अजून वेळ होता, पण फार नाही. तेवढ्यात आवाज आला. ठण्. ठण्. ठण्. लोखंडावर लोखंड. समोरून नाही, डावीकडून.

"आप्पा!" दोघं एकदमच म्हणाली. आप्पा पट्टीवर हातोडी मारत होते. त्यांना टायरांचा तो घुमणारा आवाज ऐकू आला होता, आणि तो जिथून यायला हवा तिथून येत नव्हता.

आता दिशा कळली, पण जमीन कळत नव्हती. आणि मग जे झालं ते धाकटी पुढे कितीदा तरी सांगायची. दादानं बूट काढले. मोजे काढून नीट बुटांत ठेवले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कापड मोजायचा लाकडी गज मागून उचलला, आणि जो माणूस चाळीसेक वर्षं या चिखलाला भीत आला होता तो दार उघडून खाली उतरला.

"तू गाडी सोडू नकोस. मी पुढं चालतो. गज रुतला की हात वर करीन."

तो चालायला लागला. गज टोचायचा, पाऊल टाकायचं, गज टोचायचा. धाकटी मागून गोगलगाईच्या चालीनं जीप आणत होती. धुक्यात दादाची पाठ कधी दिसायची, कधी नाही. ठण्, ठण् चालूच होतं. एके ठिकाणी दादाचा हात वर गेला, मग तो उजवीकडे सरकला, पुन्हा टोचून पाहिलं, आणि पुढे निघाला.

मग वारा आला. फार नाही, पानही हलणार नाही एवढासा. धुकं जमिनीपासून सुटलं, आधी हातभर, मग पुरुषभर, आणि बघता बघता सगळंच उचललं गेलं.

धाकटीनं ब्रेक दाबला. तिला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

ओला पट्टा क्षितिजापर्यंत चकाकत होता आणि त्यात आख्खं आभाळ उतरलं होतं. गुलाबी, राखी, एका कडेला पिवळं. वर आभाळ, खाली आभाळ, आणि मधे हातात गज घेतलेला दादा. समोरची सगळी रेती पांढरी होती असं तिला वाटलं, आणि ती रेती एकदम उठली. पक्षी होते ते. हजारो. धुक्यात गप्प बसलेले. ते उठले तेव्हा त्यांच्या पंखांचा आवाज छातीत ऐकू आला, ते सगळे मिळून वळले आणि काळे दिसायला लागले, पुन्हा वळले आणि पांढरे झाले, आणि खालच्या आभाळातही तेवढेच पक्षी तसेच वळले. धाकटी रोज इथून जायची. रोज! पण रोज तिची नजर पुढच्या दहा हात चिखलावर असायची आणि सीट खाली होती. हे आपल्याच वाटेवर आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला, आणि भीतीही अजून उतरली नव्हती. हात जोडावेत की तोंडावर ठेवावेत ते तिला कळेना.

दादा उघडं तोंड घेऊन उभा होता. गज हातातून पडला होता. पाणी त्याच्या घोट्यांभोवती खेळत होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं तो मागे वळला, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

टेकाड समोरच होतं. पायऱ्यांच्या तळाशी, पट्टीपाशी, आप्पा हातोडी घेऊन उभे होते.

घरात गेल्यावर पहिल्यांदा गोळी, मग चहा. बाहेर भरती लागली, पट्टा हळूहळू पाण्याखाली गेला. आता संध्याकाळच्या ओहोटीपर्यंत सुटका नव्हती. धाकटीनं कप खाली ठेवला. तिला ते आत्ताच बोलून टाकायचं होतं, नंतर धीर झाला नसता.

"दादा, मी हरले. आपण नीट पोचलो नाही. मी आप्पांचं सामान बांधते."

"गप बस," दादा म्हणाला. पायांवरचा चिखल अजून वाळायचा होता. "मी त्यांना नेणार नाही. मी आज जे पाहिलं ते पाहून कुणाला इथून हलवायचं पाप मी डोक्यावर घेणार नाही. खांब पुन्हा उभे करू. मी सुट्टी वाढवतो. काकूंना सांगून मीटर दुरुस्त करून घे. आप्पा इथंच राहतील."

"पण तूच म्हणालास..."

"मी काहीही म्हणतो!"

भांडण पुन्हा सुरू झालं. गंमत बघा, आता दोघंही उलट्या बाजूनं भांडत होती, आणि तेवढ्याच तावातावानं. आप्पा दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"पैज लावली होतीत होय?" ते म्हणाले. "माझ्यावर? बरं. मला विचारलं कुणी?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं.

"आज सकाळी मी पाणी बघितलं नाही," आप्पा सावकाश म्हणाले. "नोकरीला लागलो त्या दिवसापासून कधी चुकलं नव्हतं. तुमची आई गेली त्या सकाळीसुद्धा मी पट्टीवर जाऊन आलो होतो. आज पट्टीपाशी उभा होतो, आणि पट्टीवर काय आहे ते मला दिसलं नाही. नुसते कान लावून उभा होतो. पट्टी आज पहिल्यांदा चुकली, पण लक्ष आजच उडालेलं नाही, धाकटे. वादळापासून रोज असंच आहे. ओहोटी लागली की मी तुझी वाट बघतो, आणि तू परत गेलीस की पोचली असशील का म्हणून वाट बघतो. समोर एवढं सगळं पडलंय, ते मला दिसत नाही. मग मी इथं राहून काय करतोय?"

"मग दादाकडे..." धाकटी म्हणू लागली.

"नवव्या मजल्यावर? मी काय पाखरू आहे? तुझ्या दुकानामागची खोली आहे ना, ती मला दे." मग दादाकडे वळून, "तू रागावू नकोस. खोली रंगवलीस, मला कळलं. मी येऊन राहीन चार दिवस, त्या दांड्यांना धरून आंघोळ करीन." पुन्हा धाकटीकडे. "तू रोज येतेस, तशीच रोज ये. फक्त येताना मला घेऊन ये. तुझ्या शेजारी बसून यायला मला भीती वाटत नाही. वाट बघायला वाटते. म्हातारपणी वाट बघवत नाही गं."

दादा रडला. मोठ्यानं रडला, लहानपणी चिखलातून काढल्यावर रडला होता तसा. धाकटी मात्र रडली नाही, उठून खिडकीशी गेली आणि खूप वेळ बाहेर बघत राहिली. ज्याच्यासाठी तिनं एवढे टायर बसवले ते घर आप्पांनी एका वाक्यात सोडून दिलं होतं, आणि तेही तिच्यासाठी. एवढं मोठं कुणी आपल्याला दिलं तर ते ठेवायचं कुठं, हे माणसाला कळत नाही.

संध्याकाळी पाणी उतरलं. आकाश धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. आप्पांना जीपमध्ये चढवताना मात्र पंचाईत झाली, पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर. "हा टायर आहे की जातं?" ते म्हणाले. शेवटी दादानं त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे गाठोड्यांमध्ये बसला.

उजेडात शिंपल्यांचा थर लांबूनच दिसत होता. धाकटीनं मीटरकडे पाहिलंही नाही. चाकांखाली कुरकुर सुरू झाली, जीप ओहळात उतरली आणि अलगद वर आली.

"थांबव," आप्पा म्हणाले.

तिनं इंजिन बंद केलं. आप्पांनी दोन्ही हात पुढच्या दांड्यावर ठेवले आणि मान उंच केली. जन्मभर ते या पट्ट्यावरून पायी चालले होते, होडीतून गेले होते, पायरीवर बसून त्यांनी तो पाहिला होता. इतक्या वरून, मधोमध बसून कधी पाहिला नव्हता. दूरवर पाण्याची शेवटची रेघ मागे मागे जात होती आणि तिच्यावरचा उजेड तिच्याबरोबर चालला होता. पक्षी पुन्हा उतरायला लागले होते.

"अरे," आप्पा म्हणाले. आणखी काहीतरी म्हणायचं होतं त्यांना, पण ते परत "अरे" एवढंच म्हणाले.

कुणीही घाई केली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"उद्याची ओहोटी जरा उशिरा आहे," ते म्हणाले. "चहा पिऊन निघू."

"आणि धुकं असलं तर?"

"तर दुसरा कप पिऊ."

धाकटीनं किल्ली फिरवली.